सातवं कारण

माझ्या लेकीचा बरीच वर्षं असा समज होता की ‘ताई’ म्हणजे आई. वरच्या मजल्यावरच्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलीला मी एकदा तिच्यादेखत ताई म्हटलं, तर ही दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिली आणि म्हणाली, “हिचं बाळ कुठंय?” मला काही कळेना. उलगडा झाला तो रात्री, जेवताना. कन्नडमध्ये ‘तायि’ म्हणजे आई. मराठीतली ताई तिनं एकाच ठिकाणी ऐकली होती, चिऊताईच्या गोष्टीत. आणि तिथली चिऊताई काय करत असते? बाळाला न्हाऊ घालते, अंग पुसते, काजळ घालते, पाळण्यात निजवते. ही आई नाही तर कोण? आमच्या घरात थोरलं भावंड नव्हतं, आणि गल्लीतल्या साऱ्या थोरल्या मुली ‘अक्का’ होत्या. पोरीनं कानावर पडलेल्या मालातून जो अर्थ लावला तो चोख होता.

लग्न होऊन मी मिरजेहून म्हैसूरला आले ती १९९८ साली. मिरजेची असल्यामुळं कन्नड कानावरून गेलेलं होतं. बाजारात, दवाखान्यांच्या दारात, गाडीत. तेवढ्यावर निभावेल असं वाटलं होतं. पण मिरजेत ऐकू येतं ते उत्तरेचं, खणखणीत कन्नड. सरस्वतीपुरमच्या बायका बोलायच्या ते इतकं मऊ आणि भरभर की माझ्या हाताला एकही शब्द लागेना. ‘तुप्प’ म्हणजे तूप हे कळलं तेव्हा कोण आनंद झाला! जेवायच्या ताटात तरी एक माणूस ओळखीचा भेटला.

लेक मात्र जन्मतःच इथली. तिसऱ्या वर्षापासून माझ्या मराठी प्रश्नाला तिचं कन्नड उत्तर ठरलेलं. नवऱ्याची नोकरी फिरतीची, म्हणजे घरात मराठी बोलायला मी एकटी. आणि एकटं माणूस भाषा बोलत नाही, पुटपुटतं. शाळेत घातली तेव्हा बाईंनी समजावलं की घरी इंग्रजीच बोला, नाहीतर मूल गोंधळतं. चार दिवस तेही केलं. मला इंग्रजीत धड रागावताही येईना. मी चिडून काहीतरी म्हणायची आणि ती हसायची.

याचं दुःख कुणाला सांगावं तर सोय नाही. न्यू जर्सीला गेलेल्या मैत्रिणीची मुलगी मराठी बोलत नाही म्हटलं की सगळे हळहळतात. तिकडं बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेत, रविवारचे वर्ग आहेत, पुस्तकं आहेत. म्हैसूर म्हटलं की उत्तर ठरलेलं, “अगं, शेजारचंच तर राज्य!” शेजारच्या राज्यात माणूस परका होत नाही असं या लोकांना का वाटतं कोण जाणे. गंमत म्हणजे आमच्या घरापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर, मानसगंगोत्रीत, भारतीय भाषा संस्थान आहे. १९६९ साली स्थापन झालेलं, देशातल्या भाषांचा अभ्यास करणारं. पण त्यांचं मराठी शिकवण्याचं केंद्र पुण्याला, डेक्कन कॉलेजच्या आवारात! म्हणजे मराठी शिकायचं तर म्हैसूरहून पुन्हा पुण्यालाच जायचं.

मी शिकवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. अंकलिपी आणली, भिंतीवर तक्ता लावला. ‘हे काय आहे?’ ‘हे फूल आहे.’ या असल्या वाक्यांना कोण मूल उत्तर देईल? त्याला दिसतंच आहे की ते फूल आहे. दोन आठवड्यांत तक्ता भिंतीवरून उतरला. उरली ती फक्त जेवतानाची गोष्ट, कारण त्याशिवाय ती जेवत नसे.

खालच्या मजल्यावर घरमालकांची आई राहायची. सगळी गल्ली त्यांना अज्जी म्हणे. दुपारी लेक त्यांच्याकडं असायची. एकदा धावत वर आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आई, अज्जीनं तुझी कते चोरली.” कते म्हणजे कथा, गोष्ट. मुद्देमाल बघायला मी खाली गेले. अज्जी शेंगा सोलत गोष्ट सांगत होत्या, कागक्का आणि गुब्बक्काची. कागे म्हणजे कावळा, गुब्बी म्हणजे चिमणी. मी दारात बसले. शब्द मला दहातले तीन कळत होते, पण मी कुठं आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. अज्जी ‘मळे बंतु’ म्हणाल्या. आमच्याकडं मळे म्हणजे वांग्याचे, उसाचे. पण गोष्टीत या ठिकाणी दुसरं काय येणार? पाऊसच. मग घर वाहून गेलं. मग कावळा दाराशी आला आणि अज्जींनी आवाज बारीक करून म्हटलं, “गुब्बक्का, बागिलु तेगी.” याचा अर्थ मला कुणी सांगायची गरजच नव्हती. त्या जागी, पावसात भिजून, दाराबाहेर उभं राहून, कुठल्याही भाषेतला कावळा दुसरं काय म्हणेल?

दुसऱ्या दिवशी सिटी बसमध्ये कुणीतरी ‘बागिलु, बागिलु’ म्हणून ओरडलं आणि मी दारातून बाजूला झाले. म्हैसूरला येऊन सातवं वर्ष चाललं होतं. कन्नडचं पुस्तक मी तीनदा आणून तीनदा ठेवून दिलं होतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतके दिवस मी हे उलट्या बाजूनं बघत होते. लेकीला मराठी येत नाही, ती तिला द्यायची आहे, असा माझा हिशेब. पण मलाही तिची भाषा येत नव्हती. ती शाळेतून येऊन काहीतरी सांगायची, मध्येच खुदकन हसायची, आणि मी नुसती ‘हो का’ म्हणायची. पोरांना असलं ‘हो का’ लगेच कळतं. हळूहळू तिनं सांगणं कमी केलं होतं. दरी दोन्हीकडून असते आणि मी फक्त माझ्या काठावरून हाका मारत होते.

गोष्टीत एक सोय असते. पुढं काय होणार ते दोघांनाही माहीत असतं, त्यामुळं एखादा शब्द निसटला तरी माणूस पडत नाही. मुलं तीच गोष्ट शंभरदा मागतात ती बहुधा यासाठीच. माहीत असलेल्या गोष्टीतला माहीत नसलेला शब्द आपोआप जागेवर बसतो. आम्ही दोघींनी मग करारच केला. रात्रीची गोष्ट मी मराठीत सांगायची, तीच रविवारी तिनं मला कन्नडमध्ये सांगायची. एकच तंटा उभा राहिला. आमचा कावळा पुरुष आणि अज्जींची कागक्का बाई. बरीच घासाघीस होऊन ठरलं ते असं, की कावळा मराठीत ‘तो’ राहील आणि कन्नडमध्ये ‘ती’.

याच म्हैसुरात १९२९ साली ए. के. रामानुजन जन्मले. पुढं शिकागोला प्राध्यापक झाले, कवी आणि अनुवादक म्हणून जगभर नाव झालं. घर तमिळ अय्यंगारांचं, वडील गणिताचे प्राध्यापक. त्या घराबद्दल त्यांनी लिहून ठेवलंय ते मला फार जवळचं वाटतं. खाली स्वयंपाकघरात बायकांची तमिळ, रस्त्यावर उतरलं की कन्नड, आणि वर वडिलांच्या खोलीत इंग्रजी आणि संस्कृत. एकाच घरात जिना चढता-उतरता भाषा बदलायची. गोष्टी कुठं सांगितल्या जायच्या? अर्थात खाली. रात्री आजी किंवा आत्या मुलांना भात भरवायची, आणि मुलं जेवावीत म्हणून गोष्ट. वरच्या खोलीतल्या पुस्तकांचं पुढं काय व्हायचं ते झालं. पण या माणसानं आयुष्यभर खालच्या मजल्यावरच्या गोष्टी गोळा केल्या. पन्नासच्या दशकात ते बेळगावला शिकवत होते. त्याच भागात, कित्तूरला, १९५५ साली त्यांनी टिपून घेतलेली हंची ही सिंड्रेलाची कन्नड बहीण. काचेचा बूट नाही, सोनेरी केस आहेत आणि चेहऱ्यावर मातीचा मुखवटा आहे. १९९१ मध्ये त्यांनी बावीस भारतीय भाषांतल्या लोककथांचा इंग्रजी संग्रह काढला, आणि १९९३ मध्ये ते गेले.

त्यांनी सांगितलेली एक कन्नड कथा माझ्या मानगुटीवर बसली आहे. एका बाईला एक गोष्ट आणि एक गाणं येत असतं. पण ती ते कुणालाच सांगत नाही. आत कोंडलेली गोष्ट आणि गाणं घुसमटतात. एकदा ती तोंड उघडं टाकून झोपलेली असताना दोघं बाहेर पडतात. गोष्ट होते जोडा, गाणं होतं अंगरखा. नवरा घरी येतो आणि विचारतो, हे कुणाचे? हिला काय ठाऊक! भांडण होतं आणि तो रागानं मारुतीच्या देवळात जाऊन झोपतो. तिथं गावातल्या विझवलेल्या दिव्यांच्या ज्योती रात्री गप्पा मारायला जमतात. त्यांच्यातली एक, त्याच्याच घरची, उशिरा येते आणि सगळी हकिगत सांगते. नवऱ्याचा राग जातो. सकाळी घरी येऊन तो बायकोला विचारतो, तुझी ती गोष्ट कोणती गं? ती म्हणते, कसली गोष्ट? कसलं गाणं? ती विसरून गेलेली असते.

मी ही कथा वाचली तेव्हा हसले होते. नंतर बसले मोजायला.

माझ्या मिरजेच्या आजीच्या गोष्टीत चिऊताई दार न उघडण्याची सात कारणं सांगायची. सात हा आकडा मला पक्का आठवतो, कारण आजी बोटांवर मोजायची आणि सातव्याला दुसऱ्या हाताचं मधलं बोट कानशिलावर मोडायची. मी लेकीला सांगून बसले की कारणं सात आहेत. आता ती बोटं मोजणार हे ओघानं आलंच. न्हाऊ घालते, एक. अंग पुसते, दोन. काजळ-तीट लावते, तीन. दूध पाजते, चार. पाळण्यात घालते, पाच. इथं माझी गाडी थांबायची. तिची पाच बोटं मिटलेली आणि दुसरा हात तयार.

मिरजेला आईला फोन केला. आई म्हणाली, “काहीतरीच विचारतेस.” आणि तासाभरानं तिचाच फोन आला, “अगं, दुपटं वाळत घालते!” एवढ्या पावसात? “घरातल्या दोरीवर,” आई म्हणाली, जणू ती तिथं उभीच होती. सहा झाली. सातवं तिलाही आठवेना. मामाला विचारलं, मावशीला विचारलं. मावशीनं सातव्या कारणाऐवजी आजीच्या पुरणपोळीचं प्रमाण सांगितलं. आजी जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

आईनं मात्र एक काम केलं. शरावती एक्स्प्रेसनं येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर एक गठ्ठा पाठवला. वडिलांनी बांधून ठेवलेले ‘चांदोबा’चे जुने अंक. चक्रपाणी आणि नागी रेड्डी यांनी जुलै १९४७ मध्ये मद्रासला तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू केलेलं हे मासिक; मराठीत ते १९५२ मध्ये आलं, कन्नडमध्ये त्याच्याही आधी. कन्नड नाव ‘चंदमाम’. आमच्या पिढीला त्याचं मद्रासीपण कधी जाणवलंच नाही. राजाच्या महालाला गोपुराची झाक होती, बायकांच्या वेण्यांत गजरे जरा जास्तच होते, इतकंच. एका रद्दीच्या दुकानात मला ‘चंदमाम’चे अंक दिसले आणि मी जागच्या जागी थबकले. अक्षर ओळखीचं नाही, पण चित्र तेच! शंकर यांनी काढलेला तो विक्रम, हातात तलवार, खांद्यावर प्रेत, मागं स्मशान. सगळ्या भाषांत मजकूर बदलायचा आणि चित्रं तीच राहायची. मी वजनावर दोन किलो उचलले.

घरी येऊन आम्ही दोघी पत्ते लावावेत तसे अंक फरशीवर मांडून बसलो. दोन अंक जुळले. त्याच महिन्याचे, त्याच चित्रांचे, एक माझ्या अक्षरांत, एक तिच्या. मराठीला डोक्यावर सलग रेघ, कन्नडला बहुतेक अक्षरांच्या माथ्यावर वेगळा तुरा. त्याला ‘तलेकट्टु’ म्हणतात, म्हणजे मुंडासंच, हे मला तिनं सांगितलं. ती एक परिच्छेद वाचायची, मी तोच मराठीतून. ‘छल बिडद त्रिविक्रम’ आला तिथं मी अडले. त्रिविक्रम म्हणजे आपला विक्रम, बिडद म्हणजे न सोडणारा, एवढं जमलं. पण छळ न सोडणारा? “विक्रम कुठं कुणाचा छळ करतो? छळतो तो वेताळ,” मी म्हटलं. आठ वर्षांची माझी मास्तरीण सुस्कारा टाकून म्हणाली, “आई, छल म्हणजे हट्ट. चांगला हट्ट. सोडायचा नाही असा.” इथं येऊन दहा-बारा वर्षं झालेल्या बाईला हा शब्द कुणी शिकवला नव्हता, आणि तो कामाचा होता. तिनं त्या दुपारी ‘वेताळ’मधला ळ जिभेवर घोळवून घेतला, पण तो तिला कन्नडमुळं आधीच येत होता. पुण्याच्या कितीतरी मराठी मुलांहून तिचा ळ खणखणीत आहे, हे मी नातेवाइकांना मुद्दाम ऐकवते.

परमुलखातल्या मराठी मुलांना गोष्टी पुरवायची ही खटपट जुनीच आहे. तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०६ च्या सुमारास इसापच्या गोष्टी मराठीत छापून घेतल्या, ‘बालबोध मुक्तावली’ नावानं. तमिळ मुलखात मराठी मुलांसाठी गोष्टींचं पुस्तक, तेही मराठी छपाईच्या अगदी पाळण्याच्या काळात! त्याच सुमारास आमच्या मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापली जात होती. गावात राहिलेल्यांनी गीता छापली आणि दूर गेलेल्यांनी कोल्ह्या-कावळ्याच्या गोष्टी. ज्याची त्याची निकड.

निकडीवरून आठवलं. लेकीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘बोम्मनहळ्ळिय किंदरिजोगी’ बसवलं होतं. कन्नड कवी कुवेंपूंची ही कविता इथल्या पोरांना तोंडपाठ असते. कुवेंपूंचं जवळजवळ सगळं आयुष्य म्हैसुरात गेलं. त्यांचं ‘उदयरवि’ घरही इथंच. मला कविता कळणार नाही म्हणून मी शेवटच्या रांगेत बसले होते. पण स्टेजवर उंदीर आले, मग आणखी उंदीर, मग एक जोगी किंदरी वाजवत आला आणि मी ताठ बसले. हा तर हॅमेलिनचा बासरीवाला! ब्राउनिंगनं १८४२ मध्ये इंग्रजी कवितेत नेलेल्या या जर्मन दंतकथेला कुवेंपूंनी बोम्मनहळ्ळी हे गाव दिलं, बासरीवाल्याला जोगी केलं, आणि आता ती इतकी इथली आहे की परकी म्हटलं तर लोक भांडतील.

उंदीर गेले, गावानं पैसे बुडवले, आणि मग मुलं जोग्याच्या मागं निघाली. त्यांत माझी लेक होती. ती स्टेजच्या त्या टोकाला पडद्याआड गेली तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. ब्राउनिंगच्या कवितेत शेवटी एक तपशील आहे, तो लोक विसरतात. दूर ट्रान्सिल्व्हेनियात एक परकी जमात राहते, तिचा पेहराव निराळा, चालीरीती निराळ्या. ती त्या डोंगरात शिरलेल्या मुलांची प्रजा. काही अभ्यासक म्हणतात की १२८४ ची ही कथा म्हणजे पूर्वेकडं वस्ती करायला निघून गेलेल्या तरुण पोरांची आठवण असावी. म्हणजे मुलं मेली नव्हती. दुसरीकडं जाऊन दुसरी झाली होती. गोष्ट आईबापांनी सांगितली म्हणून ती रडकी आहे. मुलांना विचारलं असतं तर ती म्हणाली असती की बाजा छान होता.

लेक मेकअप न पुसताच धावत आली. “कळलं का?” तिनं मराठीत विचारलं. मी म्हटलं, सगळं कळलं. त्या रात्री जेवताना मी तिला ती गोष्ट मराठीत सांगितली आणि तिनं माझे तीन शब्द दुरुस्त केले, कन्नडकडं झुकले होते म्हणून.

गोष्टी अशा गाव बदलतात हे नवं नाही. ग्रिम बंधूंच्या लोककथांचा पहिला खंड १८१२ मध्ये निघाला आणि तो जर्मन मातीचा अर्क म्हणून मिरवला गेला. पण कासेल गावात त्यांना गोष्टी सांगणाऱ्या हासेनफ्लुग घरच्या मुली आईकडून ह्यूगेनॉट, फ्रान्समधून धर्मापायी पळालेल्या लोकांतल्या. घरी फ्रेंच बोलत. भाजी विकायला येणारी डोरोथेआ फीमान, तिचेही वाडवडील तसेच आलेले. गोष्टींना मातृभाषा असते असं छातीठोक सांगणाऱ्यांना हे ऐकवायला मला आवडतं.

लेक आता बंगळुरूला नोकरी करते. तिचं मराठी ऐकून मिरजेचे लोक हसतात. पाऊस ‘आला’ म्हणायच्या जागी ती पाऊस ‘आली’ म्हणून जाते. पण फोनवर ती मला जे काही सांगते ते सगळं सांगते, दोन्ही भाषांत मिळून, आणि मी मध्येच ‘आमेले?’ म्हणते. आमेले म्हणजे मग. हा मी गोष्टीतूनच उचललेला शब्द; अज्जी घटकाभर थांबल्या की लेक तो विचारायची.

मागच्या दिवाळीत तिनं माझ्या माहेरच्या माणसांनी भरलेल्या घरात भाचीला मांडीवर घेऊन चिऊताईची गोष्ट सांगितली. मी स्वयंपाकघरातून कान देऊन होते. न्हाऊ, अंग, काजळ, दूध, पाळणा, दुपटं. सातव्याला तिनं न अडखळता म्हटलं, “थांब रे कावळ्या, डोशाचं पीठ वाटतेय.” हे अज्जींच्या गुब्बक्काचं कारण. सगळ्या घरानं ते चालवून घेतलं. आजीनं घेतलं नसतं.

तेव्हा मिरज, सांगली, जमखंडी, अथणीकडच्या वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल आणि त्याच्या गोष्टीत चिऊताई सात कारणं सांगत असेल, तर सातवं जरूर कळवा. लवकर विचारा मात्र. आमच्याकडं अकरा वर्षं उशीर झाला होता.